खुब्याचा सांधा: ऐंशी हजारांचा फरक आणि अकरा महिन्यांचा प्रश्न

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ कळेल. वय ४१. डाव्या खुब्याची वाटी जन्मापासून उथळ, त्यामुळे लहानपणापासून लंगडणं आणि आता सांधा झिजलेला. तुम्ही अंबडच्या कंपनीत अकाउंट्सला, पगार ३६ हजार. यजमानांचं पंचवटीत दुकान, मुलगी दहावीत. नाशिकच्या रुग्णालयाने हा सांधा बदलून कृत्रिम बसवण्याच्या खर्चाचे तीन आकडे दिलेत: धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी २ लाख ६० हजार, सिरॅमिकचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी ३ लाख, दोन्ही सिरॅमिक ३ लाख ८० हजार. एफडी साडेतीन लाखांची आहे. ५ लाखांच्या आरोग्य विम्याला २५ महिने झालेत. सर्वात महागडा सांधा घेण्यासाठी सोनं तारण ठेवावं का, हा तुमचा प्रश्न.

सोन्याआधी विम्याचं बोलू. सांधेबदलासाठी २४ महिने थांबायची अट संपली, म्हणून क्लेम मिळेल असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. पॉलिसी घेताना लंगडण्याचं तुम्ही फॉर्मवर लिहिलं होतं, आणि ते योग्यच केलंत. पण त्यामुळे हा आधीपासूनचा आजार ठरतो. त्याची मुदत तुमच्या पॉलिसीत ३६ महिने आहे. २०२४ पासून नियमाने ठरवलेली कमाल मर्यादाही तीच. दोन मुदती एकाच शस्त्रक्रियेला लागू होत असतील तेव्हा जी लांब, ती धरतात. म्हणजे आज दाखल झालात तर सगळा खर्च तुमच्या खिशातून. अकरा महिन्यांनी, नूतनीकरण वेळेवर करून त्यानंतरच्या तारखेला दाखल झालात, तर बहुतेक खर्च विमा कंपनी उचलेल. तीन-चार लाखांचा फैसला इथे आहे. सिरॅमिकचा प्रश्न त्यापुढे लहान आहे.

म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा: अकरा महिने थांबलं तर वाटीचं हाड आणखी झिजून शस्त्रक्रिया मोठी होईल का? गुडघा, कंबर, उजवा खुबा यांवर भार येतोय का? रोज वेदनाशामक गोळ्या घेऊन हा काळ काढायचा असेल तर किडनीचं काय? ते म्हणाले थांबू नका, तर थांबू नका. विम्यासाठी हाड घालवण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही. तत्पूर्वी तुमच्या कंपनीच्या एचआरला ग्रुप पॉलिसीबद्दल जरूर विचारा. अशा पॉलिसीत प्रतीक्षा काळ बरेचदा माफ असतो. महात्मा फुले योजनेत तुमचं काही बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातले आरोग्यमित्र सांगतील.

आता समजा, थांबता येत नाही. मग माझं मत मधल्या पर्यायाकडे आहे: सिरॅमिकचा गोळा आणि क्रॉसलिंक केलेल्या प्लास्टिकची वाटी. हे प्लास्टिक जुन्यापेक्षा खूपच कमी झिजतं, आणि ऑस्ट्रेलिया-ब्रिटनच्या सांधेबदलांच्या राष्ट्रीय नोंदवह्यांत या जोडीचे निकाल उत्तम आहेत. दोन्ही सिरॅमिक वाईट नाही. पण तुमच्यासारख्या खुब्यात वाटी बहुधा लहान बसवावी लागते, आणि सिरॅमिकच्या लायनरला, म्हणजे वाटीच्या आतल्या अस्तराला, जाडी लागते, त्यामुळे गोळा लहान घ्यावा लागू शकतो. गोळा लहान तितका सांधा निखळण्याचा धोका जास्त. कदाचित तुमचं मापच हा निर्णय करून टाकेल.

२०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात साधारण ५८ टक्के सांधे २५ वर्षं टिकल्याचं दिसलं. तुम्ही ४१ च्या आहात; आयुष्यात दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते हे धरूनच चला, आणि ती पहिलीपेक्षा महाग असते. वाचलेले ८० हजार ७ टक्क्यांनी २० वर्षं वाढले तर सुमारे ३ लाख १० हजार होतात, कर वेगळा. माझ्या दृष्टीने त्या पैशाचं काम हे आहे. विम्याची रक्कमही पुढच्या नूतनीकरणाला १० लाख करून मागा. वाढीव रकमेचा प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होतो, म्हणून यंदा तिचा उपयोग नाही, पण उजव्या खुब्याला किंवा पुढच्या रिव्हिजनला, म्हणजे सांधा पुन्हा बदलण्याला, होईल.

कोटेशनवर मात्र मी अडून बसेन. जन्मजात दोषात मांडीच्या हाडाची पोकळी अरुंद, वळणही वेगळं. त्या पोकळीत नेहमीचा दांडा बसला नाही तर सुटे भाग जोडून बनणारा मॉड्युलर दांडा, वाटीला आधार म्हणून हाडाचा तुकडा, जास्तीचे स्क्रू, असं ऑपरेशन टेबलावर ठरतं. बिल तिथेच वाढतं. गुडघ्याच्या सांध्यांना सरकारने २०१७ मध्ये कमाल किंमत ठरवली, खुब्याला तशी नाही. तेव्हा यातलं काय लागलं तर किती, हे आधी लेखी घ्या. आणि अशा जन्मजात खुब्यांवर डॉक्टरांनी किती शस्त्रक्रिया केल्यात ते न संकोचता विचारा. त्या अनुभवासाठी कसारा घाट उतरून मुंबईला जावं लागलं आणि ऐंशी हजार तिकडे गेले, तर मी ते आनंदाने जाऊ देईन. सिरॅमिकसाठी नाही.

पैसे उभे करताना ३ लाख एफडीतून घ्या. दोन महिने पगार बुडाला तर ७२ हजारांची खोट येईल. तेवढ्यापुरतंच सोनं तारण ठेवा, पर्सनल लोन नको. मुलीच्या शिक्षणाच्या एसआयपीला हात लावू नका.

विम्यातून करत असाल तर खोलीभाड्याची मर्यादा बघा. महाग खोली घेतली की डॉक्टरांची फी वगैरे त्या प्रमाणात कापतात. इम्प्लांटची किंमत आणि औषधं त्या कपातीतून वगळलेली आहेत. कापलं तर तक्रार करा.

शस्त्रक्रियेनंतर इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर, लॉट नंबरसह, मागून घ्या आणि बिलासोबत फाइलला लावा. २०१० मध्ये डीप्यू कंपनीचे एएसआर हे धातूचे खुब्याचे सांधे जगभरातून परत बोलावले गेले, तेव्हा भारतात ज्यांना ते बसवले होते त्यातल्या बहुतेकांचा पत्ताच लागला नाही. एक फोटो मुलीच्या फोनमध्येही ठेवा.