तंजावरला भोसल्यांची सत्ता आल्यावर तिथल्या संस्कृतीत काय बदललं?

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी 1675च्या सुमारास तंजावर घेतलं. पण खरा बहर आला तो त्यांचा मुलगा शहाजीराजे (1684–1712) गादीवर आल्यावर. राजा स्वतः तेलुगू आणि मराठीत नाटकं लिहायचा! आपण मराठी नाटक 1843मध्ये सांगलीत झालेल्या विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवर'पासून मोजतो, ते मला अन्यायाचं वाटतं. त्याच्या दीडशे वर्षं आधीच कावेरीकाठी 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक लिहिलं गेलं होतं. शहाजींनी तिरुविसनल्लूर गाव विद्वानांना इनाम दिलं.

पुढे याच घराण्यातले राजे दुसरे सरफोजी यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, बृहदीश्वर मंदिरात भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. भरतनाट्यमचा आजचा क्रम बसवणारे चार भाऊही याच दरबारातले.