कॉमर्सवाल्याने इतिहासाच्या वाटेला जावं का?

प्रश्न: बँकेतून निवृत्त झालोय. शिलालेखांचं वेड शाळेपासूनचं, पण पदवी कॉमर्सची. मुंबईतली एखादी इतिहाससंस्था मला दारात उभं करेल का? – एक वाचक, बोरिवली

उत्तर: न करायला काय झालं? चर्चगेट लोकल पकडा आणि फोर्टातली एशियाटिक सोसायटी गाठा. १८०४ पासूनची संस्था. टाउन हॉलच्या पायऱ्या चढताना दम लागेल, तेवढा खा. तिथल्या जाहीर व्याख्यानांना पदवी कोणी विचारत नाही. पहिल्यांदा मागच्या रांगेत बसा, चहाच्या वेळी शेजाऱ्याशी बोला. खरी माहिती तिथेच मिळते! १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याचा स्तूप खणला. त्यातले अवशेष याच सोसायटीकडे आहेत. म्हणजे तुमच्याच पश्चिम रेल्वेवरचा ऐवज.

शिस्तीत शिकायचं असेल तर मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात पुरातत्त्वाच्या अभ्यासक्रमांची चौकशी करा. तारखा बदलतात, फोन करूनच निघा.

तोवर एक काम. शिलाहार राजांच्या काळातले गधेगळ नावाचे दगड मुंबई-ठाणे परिसरात अजून सापडतात: वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख, खाली गाढव आणि स्त्री. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी आहे, चक्क दगडात कोरलेली. कुठे कुठे लोकांनी त्याला शेंदूर फासून देव केलाय. असा दगड दिसला तर फोटो काढा, जागा टिपून ठेवा. शेंदूर खरवडायला मात्र जाऊ नका. अक्षरं जातील, आणि गावकऱ्यांचा मार बसेल तो वेगळा.