शिलोंड्याला परवानगी कशाला?

प्रश्न : बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरी लेण्यांचा रस्ता खुला, पण शिलोंड्याच्या रानवाटेला परवानगी लागते. जंगल आपलंच ना? – एक बोरिवलीकर काका

उत्तर : आपलंच हो काका, पण बिबट्याचंही! सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या रानातच विहार आणि तुळशी तलाव आहेत. मुंबई त्यांचं पाणी पिते. गर्दी डांबरी रस्त्यावर थोपवली, की आतलं रान शांत राहतं. पावसाळ्यात बघा, चिखल चुकवायला प्रत्येक जण कडेने जातो, पायवाट हातभर रुंदावते आणि कारवी या रानझुडपाची रोपं तुडवली जातात. मुंबईकडची कारवी साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते नि मरते. त्याआधीच चिरडली तर बी कुठून येणार? रीतसर परवानगी काढून माहीतगारासोबत जा. तो गाण्यांचा स्पीकर मात्र घरीच ठेवा, कृपा होईल.