विज्ञानकादंबरीसाठी काल्पनिक विश्व केवढं असावं? एक ग्रह, एक सूर्यमाला की अख्खी आकाशगंगा? ग्रह किती ठेवावेत?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘आकाशगंगा तरी हवीच, नाहीतर वाचकाला किरकोळ वाटेल.’ ते वाचलं आणि राहवलं नाही. जवळजवळ हेच वाक्य मला एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी ऐकवलं होतं, तेही चहा पाजून.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, आता निवृत्त. रात्रपाळीत शेवटची गाडी लागली की कथा लिहायचो. त्या वर्षीची कथा गुरूच्या कॅलिस्टो या चंद्रावर घडत होती. कॅलिस्टोच का, तर आयो आणि युरोपा हे आतले चंद्र गुरूच्या प्रारणपट्ट्यांत, म्हणजे घातक किरणोत्साराच्या पट्ट्यांत, इतके भाजून निघतात की तिथे उघड्यावर माणूस टिकायचा नाही. कॅलिस्टो बराच बाहेर आहे आणि बर्फही भरपूर. त्या बर्फातूनच वसाहतीचं पाणी निघतं आणि प्राणवायूही. यंत्र बिघडतं, साठा सगळ्यांना पुरणार नाही हे दिसतं, आणि पुरवठा विभागातल्या एका बाईला ठरवायचं असतं की कुठल्या विभागाचा व्हॉल्व्ह बंद करायचा. नियमाप्रमाणे परवानगी पृथ्वीवरून हवी.

आता गंमत बघा. पृथ्वी ते गुरू संदेश जायलाच साधारण ३३ ते ५४ मिनिटं. प्रश्न आणि उत्तर मिळून कमीत कमी एक तास पाच मिनिटं. त्यात मी दिवस असे निवडले होते की सूर्य नेमका मध्ये आलेला. साधारण १३ महिन्यांनी एकदा असं होतं आणि काही दिवस संदेश धड पोचत नाहीत. म्हणजे पृथ्वी गप्प. राहिला गॅनिमीडवरचा, म्हणजे गुरूच्याच दुसऱ्या एका चंद्रावरचा साहेब. गॅनिमीड आणि कॅलिस्टो आपापल्या गतीनं गुरूभोवती फिरतात, त्यामुळे दोघांतलं अंतर आठ लाख किलोमीटरपासून साडेएकोणतीस लाखांच्या आसपास जातं. संदेशाला तीन सेकंद ते दहा सेकंद. बरोबर समोरासमोरच्या टोकांना गेले की मध्ये गुरूच येतो आणि तीही सोय संपते.

बाई विचारते, “सर, बंद करू का?” उत्तराला वीस सेकंद लागणार हे तिला ठाऊक आहे. एकवीस होतात, पंचवीस होतात. साहेब विचार करतोय, की ऐकलंच नाही असं दाखवतोय? शेवटी आवाज येतो, “तुमचं नीट ऐकू येत नाहीये, तुमच्या पातळीवर बघा.” नोकरी केलेल्या कुणालाही हा साहेब ओळखता येईल.

संपादक म्हणाले, “कथा चांगली आहे हो, पण कॅनव्हास केवढासा! एक चंद्र, एक बाई, एक व्हॉल्व्ह. चाळीस ग्रहांचं साम्राज्य करा की. सम्राट आणा.” मी म्हटलं, आकाशगंगेचा व्यास साधारण एक लाख प्रकाशवर्षं, म्हणजे प्रकाशालाच ती ओलांडायला एक लाख वर्षं. या टोकाचा हुकूम त्या टोकाला जाईपर्यंत सम्राटाचं घराणं तरी उरेल का? मग प्रकाशाहून वेगवान संदेशयंत्रणा आणावी लागणार. ती आणली की माझी बाई सरळ राजधानीला विचारून मोकळी, आणि कथा पहिल्याच पानावर संपते. यावर त्यांचं उत्तर, “एवढा हिशेब वाचक करत नाही.” करतो हो! हिशेब न करणारा वाचकही ओढ कुठे ढिली पडली ते बरोबर ओळखतो. कथा मी परत घेतली आणि ती एका छोट्या अंकात आली. संपादक नंतर एका साहित्य संमेलनात भेटले, तेव्हाही कॅनव्हासच काढला.

डेपोत बसून एक गोष्ट पक्की कळते. गाव तालुक्यापासून किती किलोमीटरवर आहे यापेक्षा मुक्कामी गाडी पहाटे किती वाजता सुटते, यावर त्या गावाचं कोर्ट, कॉलेज आणि दवाखाना ठरतो. विश्वाचंही तसंच धरा. आधी ठरवा, तुमच्या कथेत कोणाला कोणाची परवानगी लागते आणि ती किती उशिरा यायला हवी. अंतर त्यावरून काढा. चंद्र सव्वा सेकंदावर आहे, तिथल्या माणसाशी नीट भांडता येतं. मंगळ ३ ते २२ मिनिटांवर, तिथे भांडण पत्रानंच. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान कक्षेत गेलं तेव्हा संदेशाला एका बाजूनं सुमारे १२ मिनिटं लागत होती, म्हणून सगळ्या आज्ञा आधीच चढवून ठेवल्या होत्या आणि यानानं इंजिन आपलं आपण चालवलं. नेपच्यून चार तासांवर, उत्तर येईपर्यंत पाळी बदललेली. सूर्य सोडून सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्झिमा, सव्वाचार प्रकाशवर्षांवर. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला १७ किलोमीटरनं पळतंय, तरी त्याचा संदेश जेमतेम दिवसभराच्या अंतरावरून येतो. यावरून सूर्यमालाच केवढी पडलीय बघा.

साम्राज्यच हवं असेल तर आपल्याकडचं बघा ना. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला, आणि नानासाहेबांना भेलशाजवळ (आजचं विदिशा) सावकाराच्या पत्रातून ते कळलं दहाएक दिवसांनी. मोती गळाल्याचं आणि मोहरा हरवल्याचं ते पत्र. तोवर पेशवे उत्तरेला मदत घेऊन निघालेलेच होते, संपलेल्या लढाईकडे. या दहा दिवसांत एक कादंबरी बसते, आणि तिला चाळीस ग्रह लागत नाहीत.

ग्रह किती, याचं उत्तर: एक घ्या, आणि तो तरी पुरता वापरा. ‘वाळवंटी ग्रह’, ‘बर्फाळ ग्रह’ अशी एकेका हवामानाची यादी करणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्याला पाचशेच्या आसपास. एका जिल्ह्यात एवढा फरक, आणि तुमच्या अख्ख्या ग्रहावर सगळीकडे वाळूच? दुसरा ग्रह तेव्हाच आणा, जेव्हा पहिल्यावरच्या माणसाला तिथून काहीतरी हवंय आणि ते वेळेवर मिळत नाहीये.

आणि कुणी संपादक ‘कॅनव्हास’ म्हणालेच, तर कथा बदलायच्या आधी त्यांना विचारा की सम्राटाचा हुकूम सीमेवर किती वाजता पोचतो. उत्तर आलं तर मला कळवा. मला अजून मिळालेलं नाही.

हां, राजघराणी, द्वंद्वयुद्धं आणि तारकायुद्धं असा मामला असेल तर वरचं सगळं सोडून द्या, तिथे आकाशगंगा खुशाल वापरा. तसलं मीही आवडीनं वाचतो. पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करणाऱ्या यानाची गोष्ट असेल तर प्रकाशवर्षं लागणारच, ती तिथे फुकट जात नाहीत. ग्रहांना नावं संस्कृत द्यावीत का, असंही विचारलंय तुम्ही. तो वेगळा प्रश्न टाका, त्यावरही माझं एकाशी वाजलेलं आहे.