बारा वर्षं उभ्या असलेल्या जुन्या ट्रकचं इंजिन कसं सुरू करावं?

आजोबांचा टाटा-मर्सिडीज ट्रक बारा वर्षं शेडमध्ये उभा आहे, नवी बॅटरी लावून सेल्फ मारू का, असं तुम्ही विचारलंय. मारू नका. चार-पाच दिवस तरी नाही.

पुढच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा आहे म्हणताय. टेल्कोचा (आताची टाटा मोटर्स) मर्सिडीज बनवणाऱ्या डाइम्लर-बेंझशी करार 1954 ते 1969 होता, म्हणजे गाडीनं पन्नाशी कधीच ओलांडली आहे. अशा इंजिनला थोडी सबुरी लागते.

आधी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे सहाही नोझल काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धा कप डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओता. दोन दिवस तसंच राहू द्या. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानं फिरवा. नोझल काढल्यामुळे कॉम्प्रेशन आड येत नाही. अडलं तर पान्याला पाइप अडकवून जोर काढू नका. पुढेमागे हलकं हलवा, पुन्हा तेल सोडा, थांबा. टॅपेट कव्हर काढून बाराही व्हॉल्व्ह खालीवर होतात का बघा. एखादा वर अडकला असेल तर सेल्फच्या झटक्यात त्याला ढकलणारी दांडी, म्हणजे पुशरॉड, वाकतो.

इंजिनखालच्या ऑइल चेंबरचा बोल्ट सावकाश सैल करा. आधी पाणी येईल, मग काळं तेल. सगळं निघालं की बोल्ट बसवून नवं ऑइल भरा. टाकीतलं जुनं डिझेल काढून टाका, फिल्टर बदला, फीड पंपाची जाळी धुवा. सायलेन्सरच्या तोंडात नीट बघा. आमच्याकडे कुंभारमाशीनं आत मातीचं घर केलं होतं, खडखडीत वाळलेलं. स्क्रू-ड्रायव्हरनं टोकरून काढावं लागलं. एअर क्लीनरमध्ये उंदराचा संसार असतोच.

आता मुख्य गोष्ट. इंजिन सुरू कसं करायचं याच्या आधी ते बंद कसं करायचं ते ठरवा. असं जुनं डिझेल इंजिन चावी काढून बंद होत नाही, डिझेल तोडावं लागतं, आणि ते इंजेक्शन पंपातल्या रॅकवर, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणाऱ्या दांडीवर असतं. जुनं डिझेल आत वाळून डिंकासारखं होतं आणि रॅक चिकटतो. मामांच्या ट्रकला आम्ही हे बघितलंच नव्हतं. दुसऱ्या सेल्फला इंजिन उठलं आणि जे सुटलं ते सुटलंच. स्टॉपची तार ओढली, काही नाही. काचा थरथरायला लागल्या, मिस्त्री चार पावलं मागे सरला. एअर क्लीनर काढलेला होता हे नशीब. मामांनी ओसरीवरचा जेवायचा पाट उचलून हवेच्या तोंडावर दाबला, तेव्हा कुठे ते घुसमटून थांबलं. पाटावर गोल काळा ठसा उमटला, मामी वर्षभर बोलत होत्या.

म्हणून इंजेक्शन पंपाचं बाजूचं झाकण काढा आणि रॅक बोटानं सरकतो का, सोडल्यावर सहज परत येतो का बघा. अडत असेल तर पंप उतरवून कॅलिब्रेशनवाल्याकडे द्या, घरी ठोकाठोकी नको. तरीही सुरू करताना एक माणूस जाड फळी घेऊन हवेच्या तोंडापाशी उभा करा. हात किंवा फडकं लावायचं नाही, खेचलं जातं.

मग नोझल बसवायच्या आधी, स्टॉप ओढून धरून, सेल्फ दहा-दहा सेकंद फिरवा. ऑइल प्रेशरचा काटा हलला की नोझल बसवा आणि डिझेलच्या लाइनमधली हवा काढा: आधी फिल्टर, मग पंप, शेवटी नोझलचे पाइप. रेडिएटर भरा, चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलला. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते, त्यामुळे क्लचवर भरवसा नको. हीटर प्लग तापू द्या. ईथरचा स्प्रे मात्र मारू नका, तापलेल्या प्लगवर तो आतच भडकतो.

पहिली पाच-दहा मिनिटं पांढरा धूर येईल, घाबरू नका. गरम झाल्यावरही निळा धूर येत राहिला तर बहुधा पिस्टनच्या रिंगा गेल्यात. प्रेशरचा काटा पडला तर लगेच बंद करा. आणि तासभर चालवून झालं की ते नवं ऑइलही गरम असतानाच काढून टाका. बारा वर्षांचा गाळ त्यातच उतरलेला असतो.