पाइपच्या कारखान्यात वेल्डर ट्रेडचं काम किती?

सप्रेम नमस्कार,

मुलगा दहावी झाला आहे, घराजवळच्या एमआयडीसीत वेल्डेड पाइपचा कारखाना आहे, तिथे नोकरी मिळावी म्हणून आयटीआयला वेल्डर ट्रेड घ्यावा का, असं तुम्ही विचारता. त्या कारखान्यासाठी म्हणाल तर वेल्डर नको, फिटर घ्या. असं का, ते पाइप कसा बनतो हे पाहिलं की कळेल.

पाण्याच्या लाइनीला सर्रास लागणारा ५० एनबीचा (नाममात्र आतला व्यास ५० मिमी) मीडियम, म्हणजे मध्यम जाडीचा, पाइप घेऊ. बाहेरचा व्यास ६०.३ मिमी, जाडी ३.६ मिमी. हॉट रोल्ड कॉइल आधी स्लिटरवर चिरून अरुंद पट्ट्या करतात. व्यासातून जाडी वजा करून ३.१४ ने गुणलं की पट्टीची रुंदी निघते, इथे १७८ मिमी. सांध्यात दाबून बाहेर येणाऱ्या धातूसाठी त्यावर दोनेक मिमी जास्त धरतात. पट्टी अरुंद पडली तर कडांना पुरेसा दाब बसत नाही, फार रुंद झाली तर कडा एकमेकींवर चढतात. स्लिटरच्या चाकूची धार गेली की कडेला बर (धारदार कंगोरा) येते आणि पुढे सांधा बिघडतो.

एका पट्टीचं शेपूट पुढच्या पट्टीच्या तोंडाला जोडतात. तेवढ्या वेळात मिल, म्हणजे पाइप बनवणाऱ्या यंत्रांची रांग, थांबू नये म्हणून अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये पट्टीचा साठा असतो. मग फॉर्मिंग रोलच्या जोड्या तिला हळूहळू वाकवत गोल करतात. फिन पास नावाच्या शेवटच्या रोलमधून कडा समोरासमोर येतात आणि इंग्रजी व्ही आकारात जुळू लागतात. तिथे इंडक्शन कॉइल असते. शेकडो किलोहर्ट्‌झचा करंट कडांवरूनच धावतो, कडा क्षणार्धात वितळण्याच्या बेताला येतात आणि स्क्वीझ रोल त्यांना दाबून एक करतात. ना रॉड, ना होल्डर, ना हातात टॉर्च. सांध्यावर दाबून वर आलेला धातू, म्हणजे बीड, टूलने तासला जातो, पाइप गार होतो, सायझिंग रोलमधून नेमक्या मापाचा होतो आणि पाइपच्याच वेगाने धावणारी करवत चालत्या मिलवर ६ मीटरचे तुकडे पाडते.

खरं कसब लागतं ते बिघाड ओळखायला. पाइपच्या आत, कॉइलच्या खाली, फेराइट या चुंबकीय पदार्थाचा इम्पीडर असतो, तो करंट कडांवरच ठेवतो आणि पाण्याने गार राखला जातो. त्याचं पाणी अडलं की फेराइट तापून निकामी होतो, करंट कडा सोडून पाइपच्या आतल्या अंगाने फिरतो आणि सांधा थंड राहतो. नवखा ऑपरेटर अशा वेळी नुसती पॉवर वाढवत बसतो. जाणता आधी इम्पीडरचं पाणी तपासतो. सांधा सरळ न राहता फिरू लागला तर रोलचं सेटिंग ढळलेलं असतं किंवा पट्टीच वाकडी असते. बाहेरून चकचकीत दिसणारा कच्चा सांधा फ्लॅटनिंग, म्हणजे पाइप चेपून पाहण्याच्या, टेस्टमध्ये उघडा पडतो. आयएस १२३९ या भारतीय मानकात ही टेस्ट ५० एनबीपेक्षा मोठ्या पाइपांना आहे, ५० एनबीपर्यंत बेंड (वाकवण्याची) टेस्ट असते. सांधा दाबाच्या दिशेला काटकोनात ठेवून पाइप चेपतात. चेपणाऱ्या दोन प्लेटांमधलं अंतर मूळ बाहेरच्या व्यासाच्या ७५ टक्क्यांवर येईपर्यंत सांधा फाटता कामा नये.

आता ट्रेडचं बघा. रोल बदलणं, शिम (पातळ पत्रे) घालून सेंटर जुळवणं, बेअरिंग, गिअरबॉक्स ही सगळी फिटरची कामं, आणि मिल सेटर (रोल लावून मिल जुळवणारा) बहुतेक त्यांच्यातूनच तयार होतो. ड्राइव्ह (मोटारींचं नियंत्रण) आणि वेल्डिंग मशीनचं पॅनेल सांभाळायला इलेक्ट्रिशियन लागतो. दोन्ही ट्रेड २ वर्षांचे. वेल्डर ट्रेड १ वर्षाचा आहे आणि तो वाईट मुळीच नाही, पण त्याची जागा फॅब्रिकेशन शॉपमध्ये, पाइपलाइनच्या साइटवर किंवा मोठे स्पायरल (पट्टी नागमोडी गुंडाळून जोडलेले) पाइप दुरुस्त करण्याच्या खात्यात. त्यामुळे कारखान्यात नेमका कोणता पाइप बनतो, हे गेटवर चौकशी करून आधी काढा.

आयटीआयच्या अर्जात पहिला पर्याय फिटर, दुसरा इलेक्ट्रिशियन भरा. पास झाल्यावर तिथेच अप्रेंटिसशिप मिळते का बघा, आणि मिळाली तर मुलाला पॅकिंगला न टाकता रोल सेटिंगच्या टीमला द्या, असं एचआरला सुरुवातीलाच सांगा. काम तीन पाळ्यांचं असतं, करवतीजवळ आवाज कान बधिर करतो, म्हणून इअरप्लग रोज हवेतच. पुढे शिकायची इच्छा असेल तर २ वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. गणित बरं असेल तर अल्ट्रासॉनिक तपासणीचा लेव्हल २ कोर्सही करता येईल. पाइप मिलच्या क्वालिटी खात्यात त्याला मागणी असते.