पहिली ते चौथी एकाच वर्गात बसते. सगळ्यांना मिळून विज्ञानाचा कोणता प्रयोग देता येईल?

मूग भिजवा. प्रयोग एकच ठेवा, प्रश्न इयत्तेप्रमाणे बदला.

मूग रात्रभर भिजवून, पारदर्शक पेल्यात ओल्या कापसावर, काचेला चिकटून ठेवा, म्हणजे मूळ बाहेरून दिसतं. प्रत्येक पेल्यात दहा दाणे तरी हवेत. एकच दाणा घेतला आणि तो किडका निघाला, तर सगळंच फसतं.

पहिली-दुसरीने फक्त रोज चित्र काढायचं. आधी काय बाहेर आलं, मूळ की पान? तिसरीने मुळाची लांबी दोऱ्याने घेऊन पट्टीवर मोजायची आणि तक्ता करायचा. चौथीला चार पेले द्या: कोरडा (यात न भिजवलेले दाणे), ओला उजेडात, ओला अंधारात, आणि दाणे पूर्ण पाण्यात बुडालेला. निकालाचा अंदाज आधी लिहून घ्याच. खरी मजा तिथेच आहे. बहुतेक मुलं म्हणतात, अंधारात रुजणार नाही. पण रुजतं. उलट रोप उजेडातल्यापेक्षा उंच, पण पिवळट आणि लुळं होतं. रुजायला पाणी, हवा आणि ऊब लागते. मुगाला उजेड लागतो तो पुढच्या वाढीला.

बुडालेल्या पेल्यात कोंब फुटला तरी हवेअभावी खुंटतो, पाण्याला वास येतो. नेहमीच्या पेल्यातही हीच चूक होते: कापूस ओला हवा, तळाशी पाणी साचायला नको. अंधारातल्या पेल्याला पाणी घालायला मुलं हमखास विसरतात, मग दोष अंधाराला! प्रयोग सोमवारी लावा. रविवारच्या सुट्टीत कापूस वाळतो.